शेतकीच्या अवजारांतील नवा शोध व त्याची नोंद

तानसा तलावाचें पाणी १८९२ सालापासून मुंबईस जात आहे. तें पाणी मोजून नेलें जातें. तलावांत १४,५०८ कोटि लिटर पाणी मावतें आणि पातळी १२८.६३ मीटरांवर पोंचली कीं तो भरून वाहूं लागतो. पावसाळ्यांत त्याच्या पातळीचे आंकडे रोज प्रसिद्ध होतात. परंतु याच शहापूर तालुक्यांतून व शेजारच्या मुरबाडांतून आणखीही एक वस्तु बाहेर जाते, आणि तिची नोंद कोठेंच होत नाहीं. ती वस्तु म्हणजे शेतकऱ्याची व गांवच्या लोहार-सुतारांची युक्ति. आपल्या बांधावर शेजाऱ्यानें हातभर अतिक्रमण केलें तर आपण मोजणी आणतों, प्रसंगीं कोर्टाची पायरीही चढतों. परंतु आपल्या डोक्यांतून निघालेली वस्तु दुसऱ्याच्या कारखान्यांतून बाहेर पडली तरी आपण तिकडे कौतुकानें पाहत राहतों. याचें कारण औदार्य नव्हे. ही मिळकत आहे, तिला हद्द आहे व तिची नोंद होते, हेंच आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक नसतें.

समजा, एका शेतकऱ्यानें भाताच्या दोन ओळींमधील तण काढणारें, चिखलांत न रुतणारें असें हातयंत्र गांवच्या लोहाराकडून करविलें. पहिल्या वर्षीं तें त्याच्या खाचरांत उत्तम चाललें. दुसऱ्या वर्षीं पांच-सात शेजाऱ्यांनीं तसेंच करून घेतलें. तिसऱ्या वर्षीं त्यानें पौषी पौर्णिमेस म्हसा येथील यात्रेंत तें विक्रीस मांडलें. तेथें तें एका कारखानदाराच्या नजरेस पडलें, आणि चवथ्या वर्षीं तेंच यंत्र रंग चढवून, दुसऱ्या नांवानें, आपल्याच तालुक्याच्या बाजारांत आलें. या कारखानदारानें चोरी केली असें कायदा म्हणणार नाहीं. जी वस्तु नोंद करण्यापूर्वीं सर्वांसमोर विक्रीस मांडली, ती सर्वांची झाली. शेतकऱ्याचा हक्क कारखानदारानें बुडविला नाहीं. तो म्हशाच्या यात्रेंतच बुडाला होता.

या लेखांत आम्ही हा हक्क कसा निर्माण होतो, कशावर मिळतो, कशावर मिळत नाहीं, आणि मिळाल्यावर तो कसा राखावा, हें आमच्या वाचकांपुढें मांडणार आहों. ज्यांच्या घरचीं मुलें इंजिनियर होऊन कारखान्यांत गेलीं आहेत, त्यांनीं हा लेख त्यांसही वाचावयास द्यावा.

पेटंट म्हणजे काय

पेटंट म्हणजे नव्या शोधाबद्दल सरकारनें ठराविक मुदतीपुरता दिलेला हक्क. त्या मुदतींत शोधकर्त्याच्या संमतीवांचून ती वस्तु दुसऱ्यास करतां, वापरतां अथवा विकतां येत नाहीं. याच्या मोबदल्यांत शोधकर्त्यानें आपली युक्ति पूर्णपणें लिहून उघड करावयाची असते, म्हणजे मुदत संपल्यावर ती लोकांच्या उपयोगीं पडते. आपल्या देशांत असा पहिला कायदा १८५६ सालीं झाला, व त्याच वर्षीं ३ मार्च रोजीं कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनीं पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं पहिला अर्ज केला. आज चालू असलेला कायदा १९७० सालचा असून तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. पुढें त्यांत अनेक दुरुस्त्या झाल्या. पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे.

कशावर हक्क मिळतो हें समजण्यास धरणाच्या दारांचाच दाखला घेऊं. तलाव भरला म्हणजे जादा पाणी सांडव्यावरून वाहून जातें. सांडवा उंच करावा तर पुराच्या वेळीं धरणास धोका. होता तसा ठेवावा तर सांठा कमी. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत इंजिनियर असतां त्यांनीं या पेंचावर आपोआप उघडझांप करणारीं दारें योजिलीं. १९०३ सालीं पुण्याजवळील खडकवासला तलावावर तीं प्रथम बसविण्यांत आलीं. त्यांचें पेटंट त्यांनीं घेतलें होतें. पुढें ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरणावर व म्हैसूरकडील कृष्णराजसागरावर तीच योजना उपयोगांत आली. येथें ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, पेटंट पाण्यावर नव्हतें, धरणावर नव्हतें, किंवा सांठा वाढावा या इच्छेवरही नव्हतें. दार माणसाच्या हातावांचून कसें चालावें, या रचनेवर तें होतें. कल्पना अनेकांस सुचते. तिची चालणारी रचना जो करून दाखवितो, त्यास हक्क मिळतो.

या रचनेस तीन कसोट्या लागतात. ती नवी असावी, म्हणजे जगांत कोठेंही छापून अथवा वापरून उघड झालेली नसावी. त्या धंद्यांतील जाणत्या कारागिरास सहज सुचेल अशी नसावी. आणि तिचा उद्योगांत प्रत्यक्ष उपयोग व्हावा. दोन जुन्या वस्तु एकत्र बांधल्या व प्रत्येक आपआपलें पूर्वींचेंच काम करीत राहिली, तर तो शोध होत नाहीं. नांगरास कंदील टांगला म्हणून नवा नांगर झाला असें कायदा मानीत नाहीं.

शेतकऱ्यानें विशेष लक्षांत ठेवण्याचे अपवाद

शेतीची अथवा बागाईतीची पद्धति, बीं-बियाणें, वनस्पतींचीं वाणें व परंपरेनें चालत आलेलें ज्ञान यांवर आपल्या देशांत पेटंट मिळत नाहीं. मुरबाडास लागून असलेल्या कर्जत तालुक्यांत, नेरळजवळ, श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं भाताची 'सगुणा' पद्धति प्रचारांत आणली. तींत नांगरणी, चिखलणी व आवणी टाळून गादीवाफ्यांवर लोखंडी साच्यानें सारख्या अंतरावर भोंकें पाडून भात टोकतात. ही शेतीची पद्धति आहे; म्हणून ती कोणासही आपल्या शेतांत अनुसरतां येते, व ती मोकळेपणानें शिकविलीही गेली. परंतु भोंकें पाडण्याच्या अवजारांत एकाद्यानें खरोखर नवी रचना केली, तर त्या अवजारावर पेटंट मागतां येईल. पद्धति सर्वांची, अवजार शोधकर्त्याचें, असा हा भेद आहे.

बियाण्यासाठीं निराळा कायदा आहे. तो २००१ सालचा, वाणांच्या संरक्षणाचा व शेतकऱ्यांच्या हक्कांचा. त्यान्वयें शेतकऱ्यानें निवडून वाढविलेलें वाण त्याच्याच नांवें नोंदवितां येतें. शेतांतील पिकांस हें संरक्षण १५ वर्षें, व झाडें आणि वेली यांस १८ वर्षें मिळतें. शेतकऱ्यास घरचें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचा हक्क याच कायद्यानें कायम ठेविला आहे. मात्र संरक्षित वाणाचें बीं छापाच्या पिशवींत भरून विकतां येत नाहीं.

या कायद्याचें मोल काय, हें चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांच्या चरित्रावरून कळतें. अल्प जमिनीच्या या शेतकऱ्यानें आपल्या शेतांतील निराळ्या लोंब्या ओळखल्या, त्या वर्षानुवर्षें वेगळ्या पेरल्या, आणि बारीक दाण्याचें 'एचएमटी' भात तयार केलें. हें नांव त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडलें. बीं हातोहात गेलें व तें भात दूरवर पेरलें जाऊं लागलें. याच वाणाचें शुद्ध केलेलें रूप पुढें कृषिविद्यापीठाकडूनही प्रसृत झालें. दादाजींस सन्मान मिळाले, नांव झालें. परंतु त्या भाताच्या व्यापाराच्या मानानें त्यांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं, आणि ३ जून २०१८ रोजीं ते गरिबींतच वारले. त्यांनीं वाण सिद्ध केलें तेव्हां हा कायदाच अस्तित्वांत नव्हता. आज तो आहे. आजच्या शेतकऱ्याचें वाण नोंदीवांचून गेलें, तर मात्र दोष काळावर ढकलतां येणार नाहीं.

इतर तीन हक्क

यंत्राची चाल नवी नसून त्याचें केवळ बाह्य रूप नवें असेल, तर २००० सालच्या कायद्यान्वयें त्या आकृतीची नोंद होते. तिची मुदत प्रथम १० वर्षें व पुढें आणखी ५ वर्षें. हिलाही नवेपणाची अट आहेच, म्हणून वस्तु बाजारांत मांडण्यापूर्वींच अर्ज करावा.

दुसरा हक्क व्यापारचिन्हाचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन नासेल या भयानें शेतकरी तो घेईनात. पुढें अनुभव आला, विश्वास बसला, आणि नांगरावरचें नांव पाहून लोक तो मागूं लागले. हें नांवसुद्धां मिळकतच आहे. चिन्हाची नोंद १० वर्षांची असून ती पुनःपुन्हां वाढवितां येते. म्हणून ज्याच्या अवजारांत पेटंटाजोगें नवें कांहीं नाहीं, पण घडण चोख आहे, त्यानें पेटंटामागें न धांवतां आपल्या नांवाची नोंद करावी हें बरें.

तिसरा हक्क एकट्याचा नसून एका प्रदेशांतील उत्पादकांचा मिळून असतो. शेजारच्या वाडा तालुक्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या 'वाडा कोलम' तांदळास २०२१ सालीं भौगोलिक चिन्ह मिळालें. नोंदींत ठरविलेल्या क्षेत्राबाहेरचा तांदूळ, मग तो दिसण्यांत कितीही सारखा असो, या नांवानें विकणें आतां कायद्याविरुद्ध आहे. आणि क्षेत्रांतील शेतकऱ्यानेंही अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली निराळी नोंद करून घ्यावी, तरच त्यास नांवाचा पुरा लाभ होतो. ज्या गांवांत विशिष्ट गुणाचें भात, फळ अथवा भाजी पिढ्यान् पिढ्या होते, तेथील लोकांनीं एकत्र येऊन या मार्गाचा विचार करावा.

अर्जाचा क्रम

आतां पेटंटाकडे वळूं. पहिला व सर्वांत मोठा नियम हा कीं, आधीं अर्ज, मग प्रदर्शन. आधीं विक्री, बातमी, चलच्चित्र अथवा यात्रेंतील मांडणी झाली, तर नवेपण गेलें. यंत्राची चांचणी चारचौघांत घेतल्यावांचून गत्यंतरच नसेल, तर अशा वाजवी चांचणीनंतर वर्षाच्या आंत अर्ज करण्याची सवलत कायद्यांत आहे. सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या प्रदर्शनासही तशीच सवलत आहे. परंतु म्हशाची यात्रा म्हणजे जाहीर केलेलें प्रदर्शन नव्हे, आणि विक्री म्हणजे चांचणी नव्हे. सवलतीवर विसंबण्यापेक्षां आधीं अर्ज करणें हेंच शहाणपण.

यंत्र अद्याप पुरें झालें नसेल तर तात्पुरता मसुदा दाखल करावा. त्यानें तारीख आपल्या नांवें पडते, व पुरा मसुदा देण्यास १२ महिने मिळतात. भाताच्या शेतकऱ्यास ही मुदत फार सोयीची आहे: आवणीपूर्वीं अर्ज करावा, एक पावसाळा यंत्र खाचरांत चालवावें, दोष काढावे, आणि वर्ष संपण्यापूर्वीं पुरा मसुदा द्यावा. मात्र एक दिवसही चुकवूं नये. त्या मुदतींत पुरा मसुदा न गेल्यास अर्ज सोडून दिला असें समजतात.

पुऱ्या मसुद्यांत यंत्राचें वर्णन, आकृति व शेवटीं हक्काचे दावे असतात. खरेदीखतांत जशी चतुःसीमा, तसे मसुद्यांत हे दावे. चतुःसीमा फार फैलावून लिहिली तर शेजाऱ्याची म्हणजे जुन्या शोधांची जमीन तींत येते व अर्ज फेटाळला जातो; फार आंखूड लिहिली तर एक खिळा बदलून दुसरा मोकळा सुटतो. म्हणून वर्णन स्वतः लिहावें, पण दाव्यांसाठीं जाणत्या पेटंट-वकिलाचा सल्ला घ्यावा. स्वतः अर्ज करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. कागद मात्र इंग्रजींत अथवा हिंदींत द्यावे लागतात. मराठींत चालत नाहींत. महाराष्ट्रांतील अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील कचेरीच्या कक्षेंत येतात, व ते घरबसल्या संगणकावरूनही करतां येतात. जुने अर्ज शोधून पाहण्याची सोय त्या कचेरीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. पैसा खर्चण्यापूर्वीं हा शोध अवश्य घ्यावा.

संगणकावरून अर्ज करणाऱ्या एकट्या व्यक्तीस फी १,६०० रुपये पडते. अर्ज साधारणपणें १८ महिन्यांनीं प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी निराळी करावी लागते. तिची फी ४,००० रुपये, व आतांच्या नियमांप्रमाणें मुदत ३१ महिने. मागणी केल्यावांचून परीक्षण होत नाहीं, हें अनेकांस ठाऊक नसतें. परीक्षक आक्षेप पाठवितो, त्यांस सहा महिन्यांत उत्तर द्यावयाचें असतें.

हक्क राखावा कसा

शेतसारा थकला तर जमीन जप्तीस येते. पेटंटाची वार्षिक फी थकली तर हक्क बुडतो. ही फी तिसऱ्या वर्षापासून लागते. एकट्या व्यक्तीस सहाव्या वर्षापर्यंत दरसाल ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० व विसाव्यापर्यंत ८,००० असा दर आहे; म्हणजे पुरी मुदत राखल्यास ७६,८०० रुपये होतात. यंत्रापासून उत्पन्न नसेल तर शेवटपर्यंत फी भरीत बसण्याची सक्ति नाहीं. दर वर्षीं हिशेब पाहून ठरवावें.

दुसरी गोष्ट भागीदारीची. शेतकऱ्यानें सांगितलें तसें लोहारानें केवळ ठोकून दिलें, तर तो कारागीर. पण अडलेल्या जागीं तोड त्यानें सुचविली, तर तोही शोधकर्ता, व त्याचें नांव अर्जांत आलेंच पाहिजे. दोघांच्या नांवें पेटंट म्हणजे सामाईक खातें: निराळा करार नसेल तर दोघांचा हिस्सा समान, आणि एकाच्या संमतीवांचून दुसऱ्यास तिऱ्हाइतास परवाना देतां येत नाहीं. म्हणून आरंभींच साध्या कागदावर अटी लिहून सह्या कराव्या. नोकरीस असलेल्या इंजिनियरानें आपला नेमणुकीचा करार वाचावा. धन्याच्या वेळांत व साहित्यानें केलेला शोध कोणाचा, हें पुष्कळदां त्या करारावर ठरतें. हक्क विकणें तो लेखी दस्तानेंच विकावा. तोंडी व्यवहार कायदा मानीत नाहीं.

आणि पेटंट म्हणजे पैसा, ही समजूतही सोडावी. मुंबईस १८६७ सालीं जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे मोठे शोधक. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या योजनेबद्दल लंडनच्या एका नियतकालिकाचें बक्षीस त्यांनीं मिळविलें. पुढें छापखान्याचे खिळे पाडणारीं यंत्रें त्यांनीं शोधून काढलीं व त्यांचीं पेटंटें घेतलीं. परंतु तीं यंत्रें बाजारांत आणण्यास भांडवल लागे, आणि त्या भांडवलासाठीं त्यांस वर्षेंच्या वर्षें खटपट करावी लागली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीनें सर रतनजी टाटा यांचें साह्य त्यांस मिळालें, तरी धंद्याची घडी मनासारखी बसली नाहीं. १९३५ सालीं ते न्यूयॉर्क येथें वारले. हक्क म्हणजे कुंपण आहे; कुंपणाच्या आंत पीक घेण्यास माल करणारा, विकणारा व पैसा पुरविणारा हे तिघे लागतात. ते दिसत नसतील तर पेटंट घेऊन कारखानदारास ठराविक दरानें परवाना देणें हा मार्ग साध्या शेतकऱ्यास अधिक झेपतो. गांवच्या शोधकांस अशा कामीं साह्य करण्यासाठीं २००० सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान गुजरातेंत काम करीत आहे; त्याच्याकडे शोध पाठविण्यास हरकत नाहीं.

लिहून ठेवण्याचें महत्त्व

शेवटीं, ज्यावर हक्क नको आहे त्याचीही नोंद ठेवावी. १९९५ सालीं अमेरिकेंत जखमेवर हळद लावण्यावर पेटंट दिलें गेलें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, तिचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर असतां, त्यास हरकत घेतली आणि १९९७ सालीं तें रद्द करविलें. घरोघर आजीबाई हळद लावतात, एवढें सांगून तें रद्द झालें नसतें. जुने छापील पुरावे पुढें ठेवावे लागले, तेव्हां झालें. आपल्या भागांतील रोपें वाढविण्याच्या, कीड वारण्याच्या, बीं टिकविण्याच्या रीति ज्यांस सर्वांसाठीं मोकळ्या ठेवावयाच्या असतील, त्यांनीं त्या तारखेसह छापून प्रसिद्ध कराव्या. एकदां छापलेल्या रीतीवर मागाहून कोणास पेटंट मागतां येणार नाहीं.

याप्रमाणें प्रत्येक शोधकापुढें तीन मार्ग आहेत: नोंदवून राखणें, नोंदवून विकणें, अथवा छापून सर्वांस देणें. तिन्ही मार्ग प्रतिष्ठेचे आहेत. चवथा, म्हणजे कांहींच न करतां दुसऱ्यानें नेल्यावर हळहळणें, हा मात्र कोणीही पत्करूं नये. ज्यांच्या पडवींत असें एकादें अवजार तयार आहे, त्यांनीं आजच एक वही घालून त्याची आकृति, तारीख व मदत करणाऱ्यांचीं नांवें लिहून काढावीं, आणि येत्या पौषी पौर्णिमेपूर्वीं अर्ज करावयाचा कीं नाहीं याचा निर्णय घ्यावा. तोंपर्यंत तें यात्रेच्या गाडींत घालूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.